उपाहारगृह आणि स्वयंपाकगृह

मध्यम स्थितीतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एका नव्या सद्गुणाची फार वाखाणणी होऊ लागली आहे. जो पदार्थ उपाहारगृहात जाऊन खावयाचा, तो त्याच चवीचा घरी करावयाचा आणि दोन्ही खर्चांत जे अंतर पडेल ते शिल्लक टाकावयाचे, असे त्या सद्गुणाचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. मसाला डोसा, पावभाजी, मिसळ, पंजाबी पद्धतीची पनीरची भाजी, इतकेच काय पण चिनी या नावाने आपल्याकडे खपणारे भात आणि शेवया, असा एकही पदार्थ आता उरला नाही की जो आपल्या गृहिणींनी हस्तगत केलेला नाही. चार स्नेही एकत्र जमले म्हणजे "आम्ही तर बाहेर खाणे सोडूनच दिले, घरी तसेच होते आणि निम्म्याहून कमी खर्चात होते," असे कोणी तरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावितात. माना डोलाविणाऱ्यांत आम्हीही होतो. किंबहुना असे बोलणाऱ्यांतही होतो. प्रस्तुत लेखात या सद्गुणाची थोडी झडती घ्यावी असे योजिले आहे, आणि ती घ्यावयाची तर आरंभ आमच्याच घरापासून करणे न्याय्य होईल.

आमच्या घरी आम्ही चार माणसे. आमची पत्नी शाळेत शिक्षिका आहे. मुलगा व मुलगी दोघेही महाविद्यालयात आहेत. रविवारी सकाळी जवळच्या एका दाक्षिणात्य उपाहारगृहात जाऊन मसाला डोसा खाण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात एकदा तेथले देयक सहाशे चाळीस रुपयांचे झाले, आणि आमच्यातील काटकसरी गृहस्थ जागा झाला. हाच डोसा घरी केला तर काय पडेल, याचा हिशेब आम्ही तेथेच कागदी रुमालावर मांडला. तांदूळ, उडदाची डाळ, बटाटे, कांदे, नारळ, तूरडाळ, तेल, लोणी आणि कॉफी मिळून दोनशे दहा रुपयांच्या वर खर्च जाईना. म्हणजे दर रविवारी चारशे तीस रुपये आपण निष्कारण दवडीत आहो, हे गणिताने सिद्ध झाले. पुढच्या रविवारपासून डोसे घरी होऊ लागले. त्यांची चव चांगली असे. आम्ही एका वहीत दर रविवारी चारशे तीस रुपयांची शिल्लक टिपून ठेवू लागलो. दिवाळीच्या सुमारास चौदा रविवारांचे सहा हजार वीस रुपये जमले, तेव्हा आमच्या मनात फार दिवस घोळत असलेली एक इच्छा आम्ही पुरी केली: ॲरिस्टॉटलच्या समग्र ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतराचे दोन खंड मागविले. काही पैसे उरलेही.

खंड आले तेव्हा आम्ही ते मोठ्या कौतुकाने पत्नीस दाखविले आणि ही डोशांची पुस्तके आहेत असे विनोदाने म्हणालो. तिने पाने चाळून पाहिली आणि ती म्हणाली, "पुस्तके चांगलीच आहेत. पण हॉटेलात आपण चौघे खायला बसत होतो. घरी तुम्ही तिघे बसता. एवढे तुमच्या वहीत कुठे लिहिले आहे का?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील राहून गेलेली पायरी दाखवावी तशी तिने ती दाखविली आणि ती आपल्या कामास गेली. तीस वर्षांच्या आसपास आम्ही नीतिशास्त्र शिकवीत आहो; परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका आक्षेप आमच्या वर्गात कोणी घेतल्याचे आम्हांस स्मरत नाही.

वस्तुतः या आक्षेपाचे मूळ डोशाच्या प्रकृतीतच आहे. तांदूळ व उडदाची डाळ तीनास एक अथवा चारास एक या प्रमाणात, थोडे मेथीदाणे घालून, पाचसहा तास भिजवावी लागतात. वाटून एकत्र केलेले पीठ रात्रभर आंबावे लागते, आणि हवा गार असली म्हणजे ते आंबण्यास आणखी वेळ घेते. इथपर्यंतचे काम सवडीने करता येते. खरी अडचण तव्यापाशी येते. उपाहारगृहातील तवा म्हणजे जाड लोखंडाची लांबरुंद लादी असते. ती इतकी उष्णता साठवून ठेवते की एका वेळी सहाआठ डोसे घातले तरी ती निवत नाही. उलट ती फार तापू नये म्हणून आचारी मधून मधून पाण्याचा हबका मारून तिला किंचित थंड करतो, तेव्हाच पीठ पातळ पसरते. घरच्या तव्याची गोष्ट याच्या उलट. थंड पीठ पडले की तो निवतो आणि पुन्हा तापण्यास वेळ घेतो. म्हणून घरी डोसा होतो तो एका वेळी एकच. पुन्हा हा पदार्थ असा मानी की करून ठेवलेला चालत नाही. तव्यावरून उतरल्यावर दोनचार मिनिटांत खाल्ला नाही तर त्याचा कुरकुरीतपणा जातो. सारांश, घरच्या डोशास खाणारे बसलेले आणि करणारी उभी, अशीच मांडणी लागते. खाणाऱ्यांचे पोट भरल्यावर करणारीने आपल्यापुरते दोन डोसे घालावयाचे आणि बहुधा ओट्याशी उभ्यानेच खावयाचे. त्या चौदा रविवारी आमच्या घरी हेच झाले, आणि आम्ही टेबलाशी बसून "आता एक जरा कुरकुरीत येऊ दे" असे सांगत होतो.

काटकसर हा सद्गुण आहे काय? आहे, असेच आम्ही आजही म्हणू. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात द्रव्याच्या व्यवहाराचा विचार करताना उधळेपणा आणि कृपणता या दोन दोषांच्या मध्ये औदार्य बसविले आहे. जे योग्य, ते योग्य कारणासाठी आणि योग्य मापाने खर्च करणे हे त्याचे लक्षण. काटकसर ही या औदार्याची दासी आहे. एका ठिकाणी हात आखडल्यावाचून दुसऱ्या ठिकाणी तो सैल सोडता येत नाही. ज्या पिढीने एका पगारात चार भावंडांची शिक्षणे केली, तिला हे कोणी शिकवावे लागले नाही. परंतु प्रत्येक सद्गुणास त्याचे सोंग घेणारा एक दुर्गुण असतो. धाडसाचे सोंग अविचार घेतो, नम्रतेचे सोंग भित्रेपणा घेतो. तसे काटकसरीचे सोंग घेणारा दुर्गुण म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने बचत करणे. दोहोंची परीक्षा आमच्या मते साधी आहे. जो बचत करतो, तोच काही सोडतो काय? आम्ही चहा सोडला आणि त्या पैशांनी पुस्तक घेतले, तर ती काटकसर. आम्ही नोकराचा पगार कापला आणि पुस्तक घेतले, तर तिला कोणीही काटकसर म्हणणार नाही. आता आम्ही पत्नीची रविवारची सकाळ घेतली आणि पुस्तक घेतले, तर तिला काय म्हणावे?

त्या सकाळीचे माप काढण्याचा आम्ही नंतर प्रयत्न केला. वाटणे व भांडी विसळणे यांस चाळीस मिनिटे, भाजीस तीस, चटणीस वीस, सांबारास चाळीस, तव्याशी उभे राहणे चाळीस, मागील आवराआवर तीस. एकूण दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. चारशे तीस रुपयांस या काळाने भागले असता ताशी सुमारे एकशे तीस रुपये येतात. हा दर कमी की अधिक, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. मुद्दा एवढाच की जे पैसे आम्ही 'वाचविले' असे समजत होतो, ते वाचविलेले नसून मिळविलेले होते. मिळविले एकीने आणि जमा झाले दुसऱ्याच्या वहीत.

अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून ही गोष्ट सुटलेली नाही. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक चमत्कारिक विसंगती दाखविली होती: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्राच्या उत्पन्नाचा आकडा तेवढ्याने घटतो. मार्गारेट रीड या अमेरिकन विदुषीने १९३४ साली गृहातील उत्पादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहून एक कसोटी दिली: जे काम मोबदला देऊन तिऱ्हाइताकडून करवून घेता येते, ते घरच्या माणसाने केले तरी उत्पादकच होय. पुढे १९६५ साली गॅरी बेकर यांनी असे मांडले की कोणत्याही भोगाची किंमत केवळ त्यास लागणाऱ्या वस्तूंची नसते. त्यात खर्च झालेल्या वेळेचीही असते. असे असूनही घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत आजही धरला जात नाही. आपल्या देशात २०१९ साली सरकारने लोक आपला वेळ कसा घालवितात याची पाहणी केली. तीत असे दिसून आले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यास दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, आणि पुरुषांपैकी जे मुळात घरकाम करतात, ते ९७ मिनिटे देतात. आमच्या वहीतील चूक एकट्या आमची नव्हती, हे यावरून दिसते; परंतु चूक सार्वत्रिक असल्याने ती चूक नाही असे ठरत नाही.

गृहिणीच्या कामाचे मोल कायद्याच्या दरबारी होते, परंतु ते केव्हा, हे पाहण्यासारखे आहे. अपघातात गृहिणी मरण पावली असता तिच्या वारसांस भरपाई देताना तिच्या सेवेची किंमत धरलीच पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालच्या एका निकालात आणि पुन्हा २०२१ सालच्या निकालात सांगितले आहे. न्यायालयाची दृष्टी उदार आहे, यात संशय नाही. तथापि जिवंतपणी जिच्या श्रमाचा रकाना वहीत नव्हता, तिच्यासाठी तो मृत्यूनंतर उघडावा लागतो, यात आपणा सर्वांस लाज वाटण्यासारखे काही तरी आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो सभ्य माणसांकडून येतो म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. कित्येक म्हणतील की घर म्हणजे दुकान नव्हे. आईने मुलास वाढलेल्या घासाची किंमत करू लागलो तर घराचे घरपण राहील काय? प्रेमाने केलेल्या गोष्टीस दर लावणे ही तिची विटंबनाच आहे. या आक्षेपातील सत्यांश आम्हांस पूर्ण मान्य आहे. आमच्या पत्नीस ताशी एकशे तीस रुपये देऊ केले असते, तर तिने ते आमच्या अंगावर फेकले असते आणि तेच योग्य झाले असते. परंतु किंमत करणे आणि गणना करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. स्नेह्याने दिलेल्या भेटीची किंमत आपण विचारीत नाही, पण ती मिळालीच नाही असेही वागत नाही. ती आठवणीत ठेवतो आणि प्रसंगी परत काही देतो. जी गोष्ट विकावयाची नसते ती फुकट असते, असा आपण जो निष्कर्ष काढतो तो तर्कदृष्ट्या खोटा आणि नीतिदृष्ट्या आप्पलपोटेपणाचा आहे. शिवाय प्रेमाच्या युक्तिवादास आणखी एक कसोटी लावावी. तो युक्तिवाद कोण करीत आहे, बसलेला की उभी असलेली? उभी असलेली स्त्री जर म्हणाली की मला यात आनंद आहे, तर तिचे म्हणणे शिरसावंद्य. बसलेल्याने तिच्या वतीने तसे म्हणणे मात्र आम्हांस संशयास्पद वाटते. आमच्या घरी ते आम्हीच म्हणत होतो.

गंमत अशी की ज्या ग्रंथाच्या खरेदीवरून हे सर्व उद्भवले, त्याच ग्रंथात आमचे चित्र काढून ठेवलेले होते. आपल्या राज्यशास्त्राच्या पहिल्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो की ज्यांस शक्य असते ते घरच्या कामावर देखरेखीची यातायात कारभाऱ्यावर सोपवितात आणि स्वतः राजकारण किंवा तत्त्वचिंतन करतात. त्याने हे दासांच्या संदर्भात आणि कोणताही संकोच न बाळगता लिहिले आहे. नीतीचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या पुरुषास आपल्या चिंतनाची सवड कोणाच्या श्रमातून येते हे दिसत होते, पण खुपत नव्हते. आम्ही हे वाक्य विद्यार्थ्यांस अनेकदा समजावून सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी त्या काळाच्या मर्यादांबद्दल दोन शब्दही बोललो आहो. आपल्या काळाच्या मर्यादा मात्र डोशाच्या ताटलीतून आपल्यापुढे येत होत्या, आणि त्या आम्ही चटणी लावून खात होतो.

याच संदर्भात आम्हांस आमच्या आईची आठवण होते. आमचे बालपण साताऱ्यास गेले. वडील एका कचेरीत कारकून होते. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते आम्हां सर्वांस एका उडपी उपाहारगृहात नेत. तेव्हा आम्हांस वाटे की हा सोहळा आमच्यासाठी आहे. आई त्या दिवशी ठेवणीतले पातळ नेसे. घरी आम्ही तिला कधी आमच्याबरोबर जेवताना पाहिले नव्हते. ती वाढी, आम्ही उठत असू, मग ती उरलेले घेऊन बसे आणि तोवर आमटी निवालेली असे. त्या उपाहारगृहात मात्र ती वडिलांच्या शेजारी बसे, पोऱ्या तिच्यापुढे वाफाळती ताटली आणून ठेवी, आणि ती सावकाश खाई. खाऊन झाल्यावरही ती लगेच उठत नसे. कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे पाहत बसे. वडील एकदा म्हणाले होते, "हेच तू घरी याहून चांगले करतेस." त्यावर आई हसली आणि काही बोलली नाही. ते हसणे स्तुतीने आलेले आहे अशी आमची चाळीस वर्षे समजूत होती. आता तिला विचारण्याची सोय राहिली नाही. परंतु तिने तेव्हा ऐकले असेल ते बहुधा स्तुतीचे वाक्य नसून महिन्यातला तो एक रविवार जातो की काय, या भीतीचे असेल, असे आता वाटते. वडिलांनी तो रविवार कधी चुकविला नाही. आम्ही त्यांचे चिरंजीव त्यांच्याहून अधिक शिकलो आणि हिशेबात अधिक तरबेज निघालो.

यावरून उपाहारगृहात आपण नेमके काय विकत घेतो, या प्रश्नाकडे वळता येते. केवळ पदार्थच विकत घेत असतो, तर त्याची नक्कल घरी करण्यात बिघडते कोठे? नक्कल करण्यात काहीच अधर्म नाही. पाककृती ही कोणाची जहागीर नव्हे. उपाहारगृहांनी तरी ती कोठून आणली? डोसा आणि इडली हे पदार्थ दक्षिणेतील घरांतून व देवस्थानांच्या पाकशाळांतून उपाहारगृहांत आले, आणि तेथून आता पुन्हा आपल्या घरांत येत आहेत. बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्सचा इतिहास या दृष्टीने मनोरंजक आहे. १९२४ साली उघडलेल्या या संस्थेचे सांगणे असे की दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा त्यांनी रव्याची इडली काढली. पुढे १९७५ साली आणीबाणीत दरांवर नियंत्रण आले आणि त्या दरांत उपाहारगृह चालविणे परवडेनासे झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पदार्थांची तयार पिठे पुड्यांत भरून विकण्यास आरंभ केला. घरातून उपाहारगृहात, तेथून पुड्यात आणि पुड्यातून पुन्हा घरात, असा हा प्रवास आहे. यात चोर कोणीच नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'ने कमलाबाई ओगले यांचे हात वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातील हजारो घरांत पोहोचविले, त्यास कोणी नक्कल म्हणत नाही. विद्येचा प्रसार असाच होतो. नवीन पदार्थ साधण्यात कौशल्याचा जो निर्मळ आनंद आहे, त्याविषयीही आमचे काही म्हणणे नाही.

परंतु पदार्थाबरोबर तेथे आणखी दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे घरातील सर्वांनी एकाच वेळी बसलेले असणे, आणि ती काय आहे हे वर सांगितलेच आहे. दुसरी म्हणजे परक्यांच्या शेजारी बसणे. ही आज आपणास इतकी सामान्य वाटते की तिच्यासाठी कोणी पैसे मोजतो असे आपल्या ध्यानातही येत नाही. परंतु १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका समारंभात घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले होते व प्रायश्चित्ताचा वाद पुढे कितीतरी दिवस गाजला होता, हे विसरता येत नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यातील पाणी पिण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही दुकानांत आणि सार्वजनिक उपाहारगृहांत मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागले. एवढ्या गंभीर ग्रंथात उपाहारगृहाचा नामनिर्देश यावा याचे कारण उघड आहे. घरच्या पंगतीस आपण ज्यांस बोलावितो तेच येतात. उपाहारगृहाच्या बाकावर शेजारी कोण येऊन बसेल हे आपल्या हाती नसते. इराण्याच्या टेबलाशी, उडप्याच्या बाकावर आपल्या लोकांनी सहभोजनाचा धडा व्याख्यानाविना गिरविला. ज्यांस परवडते त्या सर्वांनी सर्व पदार्थ घरी नेले, तर तो बाक हळूहळू रिकामा होईल, ही गोष्टही आमच्या रुमालावरील हिशेबात नव्हती.

हा बाक संपूर्ण रिकामा झालेला आपण एकदा पाहिलाही आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. उपाहारगृहांत बसून खाणे बंद झाले आणि घरोघर लोक नाना पदार्थ करून पाहू लागले. आम्हीही तेव्हा पावभाजी केली व ती उत्तम झाल्याबद्दल परस्परांचे अभिनंदन केले. त्याच दिवसांत, जी पोरे आम्हांस वर्षानुवर्षे पाण्याचे पेले आणून देत होती त्यांच्यासारखे असंख्य श्रमजीवी डोक्यावर गाठोडी घेऊन आपल्या गावांकडे चालत निघाले होते. तेव्हा आमची बचत पुष्कळ झाली. ती कोणाच्या पोटातून झाली हे पाहण्यास वर्तमानपत्र उघडणे पुरेसे होते. आम्ही असे म्हणत नाही की परोपकारासाठी माणसाने रोज बाहेर खावे. मध्यम स्थितीतील माणसास ते परवडणारे नाही आणि प्रकृतीसही हितकर नाही. आमचे म्हणणे एवढेच की खर्चाच्या दुसऱ्या टोकास नेहमी कोणी तरी माणूस असतो, आणि बचतीच्याही असतो.

तर मग कर्तव्य कोणते? पुन्हा उपाहारगृहाकडे धाव घ्यावी, हा यावरील उपाय नव्हे. सहाशे चाळीस रुपये ही रक्कम आजही आम्हांस लहान वाटत नाही. ज्या घरांत ती मुळीच उपलब्ध नाही, तेथे घरी करावयाचे की बाहेर खावयाचे हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या घरांस हा लेख उपदेश करू पाहील तर तो उद्धटपणा होईल. आमचा प्रश्न ज्यांस निवड आहे त्यांच्यापुरता आहे, आणि त्यांच्यासाठी दोन नियम आम्हांस सुचतात. पहिला असा की ज्याच्या श्रमातून बचत होते, त्याच्या संमतीवाचून ती बचत करू नये आणि त्याच्या मताविना ती खर्चू नये. दुसरा असा की ज्यास घरच्या पदार्थाची हौस आहे, त्याने तव्याशी उभे राहण्याची आपली पाळी घ्यावी. पहिला नियम न्यायाचा आहे. दुसरा न्यायाचा असून ज्ञानाचाही आहे, कारण चाळीस मिनिटे म्हणजे किती वेळ, हे तव्याशी उभे राहिल्यावाचून कोणासही कळत नाही.

दिवाळीनंतर आम्ही डोसा घालावयास शिकलो. पहिल्या रविवारी तवा फार तापलेला होता. पीठ पळीसच चिकटून वर आले. दुसऱ्या रविवारी तो पुरेसा तापलेला नव्हता, आणि डोसा तव्यास सोडीना. तिसऱ्या रविवारपासून आकार सोडल्यास बाकी सर्व ठीक होऊ लागले. मुलगा आमच्याहून लवकर शिकला. चटणी आणि भाजी मुलांनी वाटून घेतली आहे. पीठ कोणी वाटावयाचे याच्या पाळ्या ठरल्या आहेत. महिन्यातून एका रविवारी आम्ही पूर्ववत उपाहारगृहात जातो. तो रविवार कोणता, हे आमची पत्नी ठरविते. वही अजून आहे. तीत आता कोण किती वेळ उभे राहिले याचा एक रकाना असून शिल्लक रकमेचा विनियोग चौघांच्या विचाराने होतो. पहिल्या खेपेस ती रक्कम पत्नीच्या इच्छेने तिच्या मैत्रिणींबरोबरच्या दोन दिवसांच्या सहलीत गेली. ॲरिस्टॉटलचे खंड कपाटात आहेत. ते परत करण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती.

गेल्या रविवारी आम्ही तव्याशी होतो. खिडकीतून ऊन येत होते, पाय दुखू लागले होते, आणि बाहेरच्या खोलीतून तिघांच्या बोलण्याचा व हसण्याचा आवाज येत होता. कोणत्या गोष्टीवर हसत होते ते आम्हांस ऐकू येत नव्हते. इतक्यात हाक आली, "आणखी एक येऊ द्या, जरा कुरकुरीत. आणि पिठात मीठ कमी पडले आहे." ती हाक आमच्या पत्नीची होती. लग्नास अठ्ठावीस वर्षे झाली. बसल्या जागेवरून आणखी एक मागणारी तिची हाक आमच्या घरात आम्ही या हिवाळ्याआधी ऐकली नव्हती. आम्ही तव्यावर पाण्याचा हबका मारला आणि पीठ पसरले.